भाऊंच्या नावाने दुकान मांडणाऱ्यांस अखेरची ताकीद

सर्व संबंधितांस,

संबंधित कोण ते संबंधितांना चांगलं ठाऊक आहे. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळापाशी पर्यटकांचा घोळका जमवायचा, आवाज मुद्दाम खाली आणायचा आणि 'इथे खरे सदाशिवरावभाऊ कैदेत होते, पुण्याच्या कारभाऱ्यांनी सगळं दडपलं' असं सांगून वर चहापाण्याचे पैसे मागायचे, हा धंदा करणारे. तीच गोष्ट मागे ढोल-ताशा लावून मोबाइलवर फिरवणारे. 'लपवलेलं सत्य' असा मथळा घेऊन पुस्तिका छापायच्या बेतात असलेले. आणि गडावर तशी एक पाटी लागावी म्हणून वर्गणीची भाषा करू लागलेले.

यंदा २०२६. रत्नागिरीच्या तोतयाच्या, म्हणजे इथल्या एका कैद्याला भाऊ म्हणून उभं केलं त्या बंडाला अडीचशे वर्षं होत आहेत, त्यामुळे वर्ष संपेपर्यंत तुमचा उत्साह वाढतच जाणार. म्हणून हा इशारा आत्ताच देतो आहे. ३१ डिसेंबरपर्यंत मुदत. तोवर पुरावा मांडा, नाहीतर गोष्ट मागे घ्या. मुदत उलटल्यावर काय होईल ते शेवटी लिहिलं आहे. त्याआधी प्रकरण काय आहे ते नीट वाचा, कारण तुमच्यातल्या बहुतेकांनी ते मुळातून वाचलेलं नाही हे तुमच्या बोलण्यावरून कळतं. एकाने तर बंड पानिपतच्या दुसऱ्याच वर्षी करून टाकलं! मध्ये पंधरा वर्षं गेली होती. त्या पंधरा वर्षांत काय झालं, तिथेच सगळं उत्तर आहे.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. पेशव्यांचे चिरंजीव विश्वासराव गोळी लागून पडले, मराठी फौजेचे सेनापती भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना जिवंत पाहिल्याचं खात्रीने सांगणारा कुणी नाही. दुसऱ्या दिवशी प्रेतांच्या राशीत एक धड सापडलं. शीर नव्हतं. जवळ मोठ्या माणसाच्या अंगावर असावेत असे तीन-चार मोती पडले होते. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला काशीराज पंडित तिथे हजर होता, आणि ओळख कशी पटवली ते त्याने लिहून ठेवलं आहे. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर कटारीच्या वाराची जुनी खूण. हा वार मुजफ्फरखान गारद्याने १७५९ साली केलेला. आणि तळपायावर सामुद्रिकवाले शुभ मानतात त्या रेषा. तीन खुणा, तिन्ही जुळल्या. शीर एका दुराणी, म्हणजे अब्दालीच्या फौजेतल्या, स्वाराने लपवून ठेवलं होतं, तेही पुढे मिळाल्याचं तो सांगतो. अंत्यसंस्कार हिंदू रीतीने झाले.

तुम्ही लगेच म्हणाल, काशीराजाने हे १७८० साली, म्हणजे एकोणीस वर्षांनी लिहिलं. हो, लिहिलं. तोवर तोतयाही मेला होता. पण काशीराज अयोध्येच्या नवाबाचा नोकर. पुण्याच्या गादीवर कोण बसतो याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. बरं, त्याला बाजूला ठेवा. मग तुमच्या बाजूने त्याच्या तोडीचा एक साक्षीदार द्या. एकच. रणांगणावर हजर असलेला आणि नाव-गाव असलेला.

खरी अडचण रणांगणावर नव्हती, घराघरांत होती. पानिपतावरून हजारो माणसं परतली नाहीत आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचं प्रेत कुणी पाहिलं नाही. कुणी पडला, कुणी गुलाम म्हणून नेला, कुणी वाटेत थंडीने आणि उपासाने मेला, कुणी बैरागी होऊन उत्तरेतच राहिला. कोणाचं काय झालं हे सांगणारं कुणी नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या, हालअपेष्टा सोसत परत आल्या, पण भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही. कुंकू पुसलं नाही. पेशव्यांच्या वाड्यात जर ही गत, तर कोकणातल्या एखाद्या वाडीत काय असेल? भाऊ परत आले असं कुणी म्हटलं, की ऐकणाऱ्या बाईच्या मनात पहिला विचार भाऊंचा येत नसे. भाऊ परतले तर आमचाही परतेल. तोतयाची खरी फौज ही होती. तुम्ही ज्या दुःखावर आज गोष्टी विकता, ते हे दुःख आहे. याची थोडी तरी जाण ठेवा.

आता तुमचा नायक. तो कनोजी ब्राह्मण, बुंदेलखंडाकडचा. नाव सुखलाल, मराठी पुस्तकांत बहुधा सुखनिधान म्हणून येतो. चेहरेपट्टी भाऊंसारखी, म्हणून काही दक्षिणी माणसांनी त्याला हटकलं आणि हळूहळू तो स्वतःला भाऊ म्हणवू लागला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळातच तो पकडला गेला, १७६५ साली पुण्यात चौकशी झाली, आणि आपण भाऊ नव्हे हे त्याने कबूल केलं. ठार न मारता त्याला किल्ल्यांवर अटकेत ठेवलं, आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होत शेवटी तो आपल्या रत्नागिरीत आला.

आला तेव्हा इथे भाऊंना कोण ओळखत होतं? भाऊंची उमेदीची वर्षं पुण्याच्या कारभारात आणि मोहिमांत गेली. फोटो नव्हते, छापील चित्रं नव्हती. रत्नागिरीच्या माणसाने त्यांना जवळून पाहिलेलं असणं दुर्मीळच. तीन बाजूंना समुद्र, खाली खडक, वर तट आणि आत एक कैदी. तो कोण हे ठरवणं सर्वस्वी किल्ला ज्याच्या हाती त्याच्यावर.

आणि त्याने ठरवलं. १७७६ च्या फेब्रुवारीत रत्नागिरीचा अंमल ज्याच्याकडे होता त्या रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याला बाहेर काढलं आणि हेच भाऊसाहेब म्हणून जाहीर केलं. वेळ बघा. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ च्या ऑगस्टात झालेला. नवे पेशवे सवाई माधवराव अवघे दोन वर्षांचेही नव्हते. पेशवेपदासाठी धडपडणारे राघोबादादा सुरतेच्या तहाने इंग्रजांच्या मांडीवर जाऊन बसलेले. पुण्याचा कारभार चालवणाऱ्या बारभाईंचा इंग्रजांशी पुरंदरचा तह व्हायचा होता, तो १ मार्चला झाला. बारभाईंचं आसन डळमळीत, आणि कोकणातल्या अंमलदारांना उद्या पुण्यात कुणाची सत्ता असेल याचा भरवसा नाही. अशा घटकेला बंद दाराआडून एक 'पेशवा' निघाला तर त्याच्या पहिल्या चाकराचं भाग्य किती मोठं! दार उघडणाऱ्याने आत कोण आहे हे पाहिलं होतं की आपलं पुढे काय होईल हे, ते तुम्हीच सांगा.

म्हणूनच हा इशारा सुखलालला नाही. त्याच्याबद्दल मला फारसा राग नाही. दहा वर्षं अंधारात काढलेल्या माणसाला कुणी मुजरा केला तर तो काय करणार? इशारा दार उघडणाऱ्यांना आहे. अडीचशे वर्षांपूर्वीचे ते आणि आजचे तुम्ही. (आणि एक स्पष्ट सांगतो. आज परांजपे आडनाव लावणाऱ्या कुठल्याही माणसाला या प्रकरणावरून टोमणा मारलात, तर ती वेगळी तक्रार होईल. आडनावाने गुन्हा वाहत येत नाही.)

पुढचं तुम्ही रंगवून सांगता, मी आटोपतं घेतो. किल्ल्यामागून किल्ला तोतयाकडे गेला, वीसेक हजार माणूस जमलं असं म्हणतात, कोकणपट्टी त्याच्या हाती आली आणि तो बोरघाट चढून पुण्याच्या दिशेने निघाला. मुंबईकर इंग्रजांचं लक्ष त्याच्यावर होतंच. बारभाईंनी महादजी शिंद्यांना आणि भिवराव पानशांना पाठवलं. तोतया घाटात मोडला, समुद्राकडे पळाला, होडीने मुंबई गाठायला निघाला आणि कुलाब्याला रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्याच वर्षाअखेर त्याला मारलं. हत्तीच्या पायी दिलं, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. आठ-नऊ महिन्यांचं राज्य.

इथे तुम्ही एक गोष्ट हमखास गाळता. बंड मोडणारे महादजी पानिपतावर लढले होते. तिथल्या जखमेने त्यांचा पाय जन्माचा अधू झाला होता. पुण्याचा कारभार पाहणारे नाना फडणीसही पानिपतावर होते आणि तिथून जीव वाचवून आले होते; आत्मचरित्रात त्यांनी ते लिहिलं आहे. भाऊंना ज्यांनी जवळून पाहिलं होतं, भाऊंच्या हुकमाखाली जी पानिपतावर होती, तीच माणसं 'हे आमचे भाऊ नव्हेत' म्हणत होती. आणि 'हेच भाऊ' म्हणणारे कोण? ज्यांनी भाऊंना कधी जवळून पाहिलं नाही ते.

यावर तुमचं हुकमी पान म्हणजे नानांचा स्वार्थ. खरे भाऊ परतले असते तर नाना कुठे राहिले असते, असं तुम्ही डोळे मिचकावून विचारता. ठीक आहे, नानांचा स्वार्थ होता असं मी इथे लिहून देतो. मग? स्वार्थ होता म्हणून समोरचा माणूस भाऊ होतो का? परांजप्यांचाही स्वार्थ होता, इंग्रजांचाही होता. स्वार्थच मोजायचे तर तिन्ही पारडी सारखी निघतील आणि आपण जिथे होतो तिथेच राहू. आणि पहिला निकाल १७६५ चा, तेव्हा कारभार नानांच्या मुठीत नव्हता. तो निकाल माधवरावांच्या दरबारातला. खऱ्या भाऊंची ज्यांना भीती वाटली त्यांनी त्यांना दहा वर्षं जिवंत ठेवून खाऊ घातलं, हेही तुमच्या कथेत कसं बसवता ते एकदा ऐकायचं आहे.

सगळं संपलं की शेवटची पळवाट, 'पण विषय वादग्रस्त आहे ना!' वादग्रस्त या एका शब्दाच्या आडोशाला वाटेल ते उभं करता येतं असं तुम्हाला वाटतं. खरा वाद कसा असतो ते सांगतो, त्यासाठी जरा लांब जावं लागेल.

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर पेन्यीस्कोला नावाचा किल्ला आहे. रत्नदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल. समुद्रात घुसलेला खडक आणि वर तट. तिथे पंधराव्या शतकात पेद्रो दे लूना हा म्हातारा सांगत बसला होता, की जगातला खरा पोप मीच. त्याला वेडा म्हणणं सोपं आहे. पण त्याचा दावा कुठून आला ते पाहा. १३७८ साली रोममध्ये सहावा अर्बन पोप म्हणून निवडला गेला आणि त्याच वर्षी कार्डिनलांनी फिरून, दबावाखाली मत दिलं असं म्हणत, दुसरा पोप निवडला. तो आव्हिन्यॉनला गेला. ख्रिस्ती युरोप दोन पोपांत वाटला गेला. १३९४ साली आव्हिन्यॉनच्या कार्डिनलांनी पेद्रो दे लूनाला निवडलं आणि तो तेरावा बेनेडिक्ट झाला. म्हणजे त्याच्या बाजूने रीतसर निवडणूक होती, कायद्याचा युक्तिवाद होता, राजे होते आणि व्हिन्सेंट फेररसारखा पुढे संत ठरलेला माणूस होता. समोरच्या रांगेतही संत होते. सिएनाची कॅथरीन अर्बनच्या बाजूची. १४०९ साली पिसाच्या सभेने दोघांनाही काढून तिसरा नेमला आणि दोनाचे तीन झाले! शेवटी कॉन्स्टन्सच्या सभेने १४१७ मध्ये बेनेडिक्टला पदच्युत केलं आणि पाचवा मार्टिन निवडला. व्हिन्सेंट फेररनेही त्याआधीच साथ सोडली होती. बेनेडिक्टने मात्र हार मानली नाही. पेन्यीस्कोलात बसून, मूठभर कार्डिनलांसह, १४२३ साली मरेपर्यंत तो पोपच राहिला. १७२४ साली ओर्सिनी नावाचे नवे पोप निवडून आले. त्यांनी आधी चौदावा बेनेडिक्ट असं नाव घेतलं आणि मग लूनाला मोजायचं नाही म्हणून ते तेरावा झाले. तीनशे वर्षांनी आकड्याचा हिशेब करताना लोकांना त्याचा विचार करावा लागला.

याला वाद म्हणतात. दोन्ही बाजूंना कागद असतात, साक्षीदार असतात, शहाणी माणसं असतात, आणि निकाल सभा बसवून, वर्षानुवर्षं घासून लागतो. पेद्रो दे लूना तोच माणूस होता जो तो म्हणत होता. प्रश्न एवढाच होता की त्याची निवड वैध होती का. सुखलाल आपण म्हणतो तो माणूसच नव्हता. ही दोन प्रकरणं एका पंगतीत बसत नाहीत. आणि पुराव्याशिवाय वाद घालणाऱ्याला कुणी संशोधक म्हणणार नाही.

जाता जाता एक. या शहराने खरा राजाही कैदेत पाहिला आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ साली इथे आणला गेला, तीस वर्षं राहिला, १९१६ साली इथेच मेला. तो राजा होता यात कुणाला शंका नव्हती, आणि तरी त्याच्यासाठी कुणी दार उघडलं नाही, कुणी फौज जमवली नाही. त्याचा राजवाडा आज पर्यटक पाहतात. ती गोष्ट सांगा, मन लावून सांगा. खरी आहे, दुःखाची आहे आणि रत्नागिरीची आहे. तीत ढोल-ताशा लागत नाही, म्हणून तुम्हाला ती आवडत नाही काय?

आता अटी.

पहिली, हस्ताक्षर. भाऊ कारभारी होते. त्यांचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्या दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापून घेतले आहेत. १७७६ मध्ये स्वतःला भाऊ म्हणवणाऱ्या माणसाने स्वहस्ते लिहिलेली एक ओळ आणा आणि ती जुन्या अक्षराशी जुळवून दाखवा. आठ-नऊ महिने राज्य केलं म्हणता, तर एक चिठ्ठी तरी लिहिली असेल. दुसरी, मुजफ्फरखानाच्या कटारीची खूण. ती रत्नागिरीच्या कैद्याच्या पाठीवर होती असं सांगणारा त्या काळचा कागद दाखवा. ती खूण भाऊंच्या अंगावरच होती, विसरता येण्यासारखी नव्हती. तिसरी अट मी घालत नाही. दोनांपैकी एक पुरी करा, मी सगळ्यांसमोर माझं म्हणणं मागे घेईन.

'माझ्या आजोबांनी सांगितलं' हा पुरावा चालणार नाही. तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही भाऊ पाहता आले नसते. 'लोक म्हणतात' चालणार नाही. नाटकातला संवाद चालणार नाही, न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं, ते नाटक म्हणून वाचा. कादंबरीतलं पान फाडून आणाल तर ते तिथेच परत देण्यात येईल.

३१ डिसेंबरनंतर असं होईल. गडावर ही गोष्ट सांगितली गेली तर मी किंवा माझ्या बाजूचं कुणीतरी घोळक्यात उभं राहून तिथल्या तिथे या दोन अटी विचारेल, पर्यटकांसमोर, दर वेळी, न चिडता. पुस्तिका निघाली तर तिच्या प्रत्येक पानाचं उत्तर छापून त्याच दुकानांत, तिच्या शेजारी, फुकट ठेवलं जाईल. मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टीखाली काशीराजाच्या तीन खुणा लिहिल्या जातील. पाटी उभी राहिली तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज जाईल, आणि वर्गणी कुणाकडून किती घेतली याचा हिशेब जाहीरपणे मागितला जाईल. शाळांच्या सहली गडावर येतात. त्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आधीच पत्र पाठवलं जाईल, की मुलांना काय ऐकवलं जातं याची खात्री करून घ्या. यात कुणाला धमकावण्याचा हेतू नाही आणि कुणाच्या अंगाला हात लागणार नाही. अपमान मात्र होईल, आणि तो टाळणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

कागद आणायचा असेल तर मूळ कागदाची प्रत आणा, दफ्तर आणि रुमाल क्रमांकासह, मोडी वाचणारा माणूस बरोबर घेऊन. सभागृह तुम्ही निवडा. भाडं मी भरतो.